दातांत धरलेला तंगूस

एक जून उजाडला की मिरकरवाडा बंदराचा आवाज बंद होतो. वर्षभर ज्या इंजिनांच्या धडधडीत आम्ही झोपतो, उठतो, भांडतो, ती एकाएकी थांबते. मासेमारीला दोन महिन्यांची बंदी लागते. होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर निळं प्लास्टिक चढतं, लिलावाचा ओरडा थांबतो आणि सगळ्यांत शेवटी बर्फाच्या कारखान्यातला क्रशर गप्प होतो. बाहेरगावचा माणूस म्हणेल, काय छान शांतता आहे. मला ती कधीच छान वाटली नाही. गेली दहा वर्षं ही शांतता पसरली की माझ्या दातांवर नायलॉनची चव येते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मैद्याची खळ शिजवायला ठेवते.

खळ शिजवणं मला लिहिण्याच्या आधी आलं. माझी आई पत्रकं काढायची. लांज्याच्या काजू कारखान्यांतल्या बायकांसाठी, बंदरावर कोळंबी सोलणाऱ्या बायकांसाठी, अंगणवाडीच्या सेविकांसाठी. घरात पुस्तकं चार आणि पत्रकांचे गठ्ठे चाळीस. मी अक्षरं शिकले ती मथळ्यांवरून. पहिला शब्द मला वाचता आला तो ‘आमच्या’, दुसरा ‘मागण्या’. उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी शुद्धलेखन लिहिलं, गणितं चुकवली. आई म्हणायची, “मागणी एका ओळीत बसली पाहिजे. दोन ओळी झाल्या की ती तक्रार होते.” अजूनही मी कुठलाही कागद हातात घेतला की आधी त्याची पहिली ओळ बघते आणि मग सर्वांत खाली, कोणाची सही आहे ते.

त्या वर्षी मी सोळा वर्षांची होते आणि दहावीला गणितात नापास झाले होते. जुलैत फेरपरीक्षा होती. घरात पाणी गळत होतं, म्हणून मी पुस्तक घेऊन बर्फाच्या कारखान्याच्या पडवीत जाऊन बसायची. बंदीच्या दिवसांत आईच्या बैठका तिथेच व्हायच्या, कारण बंदरावरची तेवढी एकच जागा कोरडी होती. आत यंत्र बंद. अमोनियाचा वास मात्र बंद होत नाही, तो भिंतींत मुरलेला. त्या वासात, बर्फाच्या लाद्या पाडायचे पत्र्याचे लांब साचे ओळीने पालथे घालून एक म्हातारा माणूस एकेकाचा गंज खरवडत असायचा आणि खरवडून झाला की रंग लावायचा. ते इस्माईलचाचा. इस्माईल दाऊद होडेकर. कारखान्याचे मेकॅनिक.

बंदरावर त्यांना पेंग्विनचाचा म्हणत. तरुणपणी आखातातून परतल्यावर ते एका जहाजावर शीतयंत्रांचे मेकॅनिक म्हणून लागले. ते जहाज शास्त्रज्ञांना घेऊन पृथ्वीच्या दक्षिण टोकाच्या बर्फात गेलं. आपल्याकडून तिकडे माणसं जायला नुकती कुठे सुरुवात झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. चाचा तिथे दोन उन्हाळे राहून आले. पण बंदरावर हे कुणाला खरं वाटत नसे. “बर्फात फ्रिजवाल्याचं काय काम रे चाचा?” असं विचारून पोरं खिदळायची. चाचा ब्रश खाली न ठेवता सांगायचे, “बर्फात सगला गोठता. बटाटो गोठता, औषध गोठता, डोळ्यातला पाणी गोठता. न गोठवता थंड ठेवायचा, त्याला मेकॅनिक लागतो. गोठवायला काय, तुझ्यासारखो येडो पण चालतो.”

मी विश्वास ठेवला. का ठेवला? कारण ते शौर्याच्या गोष्टी सांगत नसत, कामाच्या सांगत. बर्फ फुटतो तेव्हा कसा आवाज येतो? लादीवर साधं पाणी ओतलं की कडकडते ना, तसा, पण मैलभर लांबीचा. जहाज बर्फात अडकलं तेव्हा काय केलं? बारा दिवस इंजिनाच्या खोलीत कपडे वाळवले. पांढरं वादळ आलं की समोरचा हात दिसत नाही, मग तंबूपासून संडासापर्यंत दोर बांधायचा आणि त्याला धरून जायचं, आणि दोर सुटला तर? “तर तुझा गणिताचा पेपर सुटला,” चाचा म्हणाले. सूर्य मावळतच नाही, तर नमाज कधी पढायचा? त्यांनी घड्याळ बदललंच नाही. दोन उन्हाळे त्यांच्या मनगटावर रत्नागिरीची वेळ चालली. इथे मांडवीच्या किनाऱ्यावर दिवस बुडाला की तिकडे लख्ख उन्हात ते मगरिबला उभे राहायचे.

आणि कॅमेरा. आखातात असताना घेतलेला. थंडीत फिल्म काचेसारखी ठिसूळ होते, भरभर फिरवली तर तुटते, म्हणून एकेक फोटोनंतर श्वास मोजत ती पुढे सरकवायची. कॅमेरा तंबूत आणायचा नाही, ऊब लागली की भिंगावर वाफ धरते. तो बाहेरच, पत्र्याच्या डब्यात, जणू तो तिथला रहिवासी आणि आपण पाहुणे.

हे सगळं मी ऐकत होते ती पाऊस पडत असताना, बीजगणिताच्या पुस्तकावर कोपर टेकून. आज लिहिताना मला कळतं, की पृथ्वीवरच्या सर्वांत कोरड्या जागेची हकिगत मी सर्वांत ओल्या जागेत बसून ऐकली. पापड मऊ पडत होते, आगपेटी पेटत नव्हती, चपलांना रात्रीतून हिरवी बुरशी येत होती. या गोष्टीशी त्या बुरशीचा संबंध आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

जूनच्या अखेरीस मी जुन्या प्रश्नपत्रिका शोधायला वाचनालयात गेले. वर जाणाऱ्या जिन्याशेजारच्या भिंतीवर अकरा फ्रेमा होत्या. लहानपणापासून त्या तिथेच असाव्यात, पण मी कधी थांबले नव्हते. बर्फ. जहाज. तंबू. पेंग्विन. प्रत्येक फोटोखाली, काचेच्या आत, छापील पट्टी: ‘दक्षिण ध्रुवप्रदेश. छायाचित्र : डॉक्टरसाहेब.’ डॉक्टरसाहेब आमच्याच गावचे, त्या जहाजावर वैद्यकीय अधिकारी होते. ते वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी हे फोटो वाचनालयाला दिले होते. मी उड्या मारत कारखान्यात आले. “चाचा, तुमच्या बोटीचे फोटो आहेत वाचनालयात! डॉक्टरांनी काढलेले!”

चाचांनी साचा उलटा केला. दुसऱ्या बाजूचा गंज खरवडायला घेतला.

“ते मीच काढलेले,” ते म्हणाले. “डॉक्टराला एकेक प्रत दिली होती मी. ईदीसारखी.”

“मग तिथे त्यांचं नाव?”

“त्यांच्या घरातून गेले ना गो. घरावरून नाव लावलनी.”

एवढंच. त्यांना राग आला नाही याचा मला इतका राग आला, की हातातल्या प्रश्नपत्रिका चुरगळल्या. आजही तो राग मला परका वाटत नाही. कुणी चोरी केली नव्हती हे मला तेव्हाही कळत होतं. डॉक्टर बिचारे कधी म्हणाले नव्हते की फोटो माझे. डॉक्टराकडे कॅमेरा असणार आणि फ्रिजवाल्याकडे पाना, एवढं सगळ्यांनी न विचारता धरून चाललं होतं. ते कुणाला ठरवावंही लागलं नाही. चोराला निदान पकडता येतं. या धरून चालण्याला कुठून पकडायचं? सोळाव्या वर्षी माझ्याकडे एकच उत्तर होतं. पत्रक.

मी ते एका संध्याकाळी लिहिलं. मागणी एका ओळीत बसली: ‘अकराही छायाचित्रांखाली इस्माईल दाऊद होडेकर यांचे नाव लागलेच पाहिजे!’ आईला दाखवलं नाही, तिच्या नेहमीच्या छापखान्यात जाऊन तिच्या नावावर छापून घेतलं. बंदरापासून बाजारापर्यंत वाटलं, वाचनालयाच्या दारावर खळ लावून डकवलं. मला वाटत होतं की आता गाव पेटेल.

गाव हसलं. वाचनालयाचे अध्यक्ष नाना, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी मला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत. हाताला धरून जिन्यापाशी नेलं आणि सातव्या फ्रेमवर बोट ठेवलं. तिघे जण बर्फावरून तेलाचं मोठं पिंप ओढताहेत. जाड कपडे, खांद्यावरून दोर. मधला माणूस कॅमेऱ्याकडे बघून दात विचकतोय.

“हा कोण?” नानांनी विचारलं.

मी पाहिलं. भुवया तशाच, एक वर एक खाली. “चाचा,” मी म्हणाले.

“अस्सं. म्हणजे हे पिंपही ओढत होते आणि समोर उभं राहून स्वतःचा फोटोही काढत होते. गणितात किती पडले म्हणालीस?” मागे बाकावर वर्तमानपत्र वाचणारे दोघे-तिघे खोकल्यासारखे हसले. “पत्रकवालीची मुलगी ना तू? आईला सांग, आधी पोरीला बघायला शिकव, मग ओरडायला.”

मला हे लिहितानाही कानशिलं गरम झाल्यासारखी वाटतात, कारण नाना त्या एका बाबतीत बरोबर होते. मी अकरा फ्रेमांतल्या अकरा पट्ट्या वाचल्या होत्या. फोटो पाहिले नव्हते. मथळ्यांवर वाढलेल्या मुलीची ती चूक. आम्ही मथळा वाचतो, सही शोधतो, आणि मध्ये जे काही आहे ते आपल्याला माहीतच आहे असं समजतो. तेही एक धरून चालणंच.

घरी आई पत्रक हातात घेऊन बसली होती. मला वाटलं होतं, न विचारता छापल्याबद्दल ती बोलेल. ती म्हणाली, “शुद्धलेखन बरं आहे. त्यांना विचारलं होतंस?”

“कुणाला?”

“ज्यांच्यासाठी काढलंस त्यांना. त्या माणसाला नाव हवंय का, कशाखाली हवंय, काय झालं होतं, काही विचारलंस? कामगाराला न विचारता त्याचं पत्रक काढणारे मी खूप बघितलेत. ते पुढे मोठे होतात. तू होऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी मी चाचांसमोर उभी राहिले आणि विचारण्याऐवजी पुन्हा ओरडलेच. “तुम्ही त्या फोटोत आहात हे सांगितलं का नाही?”

“विचारलंस कुठे?” ते म्हणाले. मग त्यांनी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात ठेवला, जो ते दुपारी जेवायला उठल्याशिवाय कधी ठेवत नसत. ऑफिसच्या कपाटातून एक पितळी चाप काढला, बोटाएवढा, त्याला भोक. आणि तंगुसाचं एक रीळ. तंगूस म्हणजे गरवायचा, गळानं मासे धरायचा, नायलॉनचा दोरा, पाण्यात दिसत नाही असा. आमच्याकडे घराघरात असतो.

“हातमोजो काढला तर बोट जाता,” चाचा म्हणाले. “एकाचा गेलेला मी बघितलाय. आणि हातमोज्यात बटण दाबत नाय. मग काय करशील? हा चाप मी कानशीनं घासून केला. कॅमेऱ्यावर बसवायचा. तंगूस त्याला बांधायचा, खालच्या कडीतून ओवायचा. ओढलास की चाप बटणावर बसता. कॅमेरा खोक्यावर ठेवायचा, लांब जायचा, आणि ओढायचा.”

“पण तुमचे दोन्ही हात दोरावर होते. पिंप ओढत होतात.”

चाचांनी तंगुसाचं टोक दातांत धरलं आणि मान मागे झटकली. पितळी चाप टेबलावर टक्कन आपटला.

त्या माणसाचं ते दात विचकणं! वर्षानुवर्षं जिना चढणारे लोक समजत होते की तो थंडीनं विचकतोय, किंवा खलाशी आहे, अडाणी आहे, कॅमेऱ्यासमोर तोंड कसं करावं ते त्याला कळत नाही. तो फोटो काढत होता.

मी धावत वाचनालयात गेले. या वेळी पाहिलं. पिंपाच्या काळ्या अंगावरून केसाएवढी पांढरी रेघ जात होती. ग्रंथपाल साळवीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. “तो ओरखडा आहे गं. जुना फोटो आहे.” नानांना सांगितलं तर तेही तेच म्हणाले, “ओरखड्याला दोरा म्हणायचं, उद्या डागाला पेंग्विन म्हणशील.”

ओरखडा नाही हे दाखवायचं तर निगेटिव्ह हवी होती. ओरखडा फिल्मच्या पट्टीवर सरळ जातो, एका फोटोतून दुसऱ्यात. दोरा प्रत्येक फोटोत वेगळा पडलेला असणार. चाचांना आठवत होतं, पिंपाचे त्यांनी लागोपाठ तीन काढले होते. “आहेत निगेटिव्ह?” मी विचारलं. या वेळी विचारलं.

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला. मग मला आत घेऊन गेले, लाद्या साठवायच्या खोलीत, जाड लाकडी दाराआड. बंदीमुळे खोली रिकामी होती, पण कोपऱ्यात वरच्या फळीवर बिस्किटांचा एक डबा होता. “बर्फातून आलेली चीज,” चाचा म्हणाले. “मला वाटला, बर्फातच टिकेल. परत आलो तेव्हापासून हितंच ठेवली.”

आयुष्यभर थंडीशी व्यवहार केलेल्या माणसाची ही चूक. तिथला बर्फ कोरडा होता, आमचा ओला. तिथे हवेत पाणीच नाही, आणि आमच्या कारखान्यात भिंतसुद्धा घाम गाळते. डबा उघडला तर आत निगेटिव्हच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून एक काळी वडी झाली होती. कडेनं बुरशीची पांढरी जाळी. एवढा हुशार मेकॅनिक, कधी डबा उघडून बघितला नाही? मी विचारलंच. “उघडला तर हवा लागेल म्हणून,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झाला. तेव्हा मला कळलं की नाव लागलं काय, न लागलं काय, असं त्यांना कधीच वाटत नव्हतं. ते फक्त मागत नव्हते. न मागणं म्हणजे नको असणं, असं समजून ही दुनिया किती आरामात झोपते!

पट्ट्या सोडवायला एकच संधी होती. पाण्यात घातलं की चिकटलेलं सुटतं, पण बुरशी लागलेल्या फिल्मवरचं चित्रही पाण्याबरोबर जाऊ शकतं. चाचांनी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं, साफ केलेला साचा आडवा ठेवला, त्यात ओतलं. भर दुपार होती, पाऊस पत्र्यावर आपटत होता, आई बैठक सोडून दारात येऊन उभी राहिली होती. वडी पाण्यात सोडली. आम्ही वाट पाहिली. मी गणिताचं एक पान उघडलं होतं, ते तासाभरानंतरही तेच होतं.

पहिली पट्टी सुटली आणि हातात नुसतं पारदर्शक प्लास्टिक आलं. चित्र पाण्यात काळ्या धुरासारखं पसरलं आणि गेलं. जहाज होतं त्यात, चाचा म्हणाले. दुसरी अर्धी गेली. तिसरी पूर्ण. प्रत्येक वेळी ते काय गेलं त्याचं नाव सांगत होते. तंबू. आचारी. माझो वाढदिवस. चौथ्या पट्टीला त्यांनी हात लावला नाही. “तू घे,” म्हणाले, “तुझी बोटं बारीक.” मी बोटांच्या टोकांनी, श्वास मोजत, ती सोलली.

पिंपाचे तीन फोटो. उजेडाकडे धरले. पहिल्यात दोघेच जण, तिसरा अजून कॅमेऱ्यापाशीच, चाप हातानं ओढणारा, आणि तंगूस बर्फावर सैल वळसा घालून पडलेला. दुसऱ्यात तो हवेतून तिरका ताणलेला. तिसऱ्यात सरळ ताठ. तीन चौकटींत तीन वेगळ्या रेघा. तिन्ही भिंगाच्या खालून सुटणाऱ्या. तिसरा फोटो भिंतीवरचाच, पण त्यात मधल्या माणसाचा चेहरा बुरशीनं खाल्ला होता. डोळे नाहीत, भुवया नाहीत, कपाळ नाही. ढगासारखा एक डाग, त्याखाली दात, आणि दातांत दोरा.

स्टुडिओतून तिन्ही फोटो मोठे करून आणले. वाचनालयाच्या समितीपुढे ठेवले. चाचा स्वच्छ पांढरा सदरा घालून आले होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. नानांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. दोरा आहे हे त्यांनी मान्य केलं, तेवढे ते प्रामाणिक होते. मग म्हणाले, “पण दोरा धरणारा हाच माणूस, कशावरून? यात चेहराच नाही. आणि भिंतीवरच्या फोटोतल्या चेहऱ्याचं म्हणाल तर, टोपी-मफलरात सगळे सारखेच दिसतात.”

“मुलीनं ओळखला होता ना परवा,” चाचा शांतपणे म्हणाले. “तेव्हा तुम्हालाच पायजे होता तो मी असायला.”

चाचा टेबलावर वाकले. “चेहरो गेला तर दात बघा.” आणि त्यांनी तोंड उघडलं. पुढच्या दोन दातांच्या मधोमध एक बारीक खाच होती. लहानपणापासून जाळी विणताना तंगूस दातांनी तोडणाऱ्या प्रत्येकाला ती असते. बंदरावर शंभर लोकांच्या तोंडात सापडेल. ती पुरावा नव्हती, हे चाचांना माहीत होतं आणि नानांनाही. पण माणूस स्वतःचं तोंड उघडून तुमच्यापुढे उभा राहतो तेव्हा त्यात बघावं तरी लागतं. नानांनी बघितलं नाही. ते कागद सारखे करू लागले. “पुढच्या बैठकीत विषय घेऊ,” म्हणाले.

बाहेर आल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी होतं. चाचा म्हणाले, “रडतंस काय गो? त्यानं बघितला नाय म्हणजे त्याला दिसला.”

पुढची बैठक झाली नाही. दहा वर्षांत कित्येक बैठका झाल्या, ही झाली नाही. मी गणितात काठावर सुटले, कॉलेजला गेले, लिहू लागले. लोक मला विचारतात, एवढ्याशा पट्टीचं काय घेऊन बसलीस? जगात किती मोठे अन्याय आहेत. आहेत ना. मी त्यांवरही लिहिते. पण मोठ्या अन्यायाचा तुकडा पाडून पाहा, आत ही एवढीशी पट्टीच सापडते. बर्फात जाणाऱ्याला आपण धाडसी म्हणतो. पण त्याच बर्फात जो त्याचं अन्न, औषध आणि शेगडी सांभाळतो त्याला म्हणतो ‘सोबतचा कर्मचारी’. थंडीनं दोघांची बोटं सारखीच जातात. मग फोटोखालचं नाव एकाचंच का राहतं? मला याचं उत्तर अजून कुणी एका ओळीत दिलेलं नाही.

म्हणून दर वर्षी बंदी लागली की मी खळ शिजवते, चिठ्ठी लिहिते आणि सातव्या फ्रेमच्या काचेवर डकवते: ‘छायाचित्र : इस्माईल दाऊद होडेकर, मेकॅनिक. मधले तेच. दोरा त्यांच्या दातांत आहे.’ पहिल्या वर्षी ती दुसऱ्या दिवशी काढली गेली. मी पुन्हा लावली. एका वर्षी माझं सभासदत्व थांबवलं, तेव्हा आईच्या कार्डावर गेले. ओल इतकी असते की कुणी काढली नाही तरी खळ सुटते आणि चिठ्ठी जिन्यात गळून पडते. मी पुन्हा लावते. नाना आता थकलेत, दुपारचे येत नाहीत. पण पट्टी त्यांच्यापेक्षा मजबूत निघाली.

या वर्षी चाचांना म्हटलं, चला माझ्याबरोबर. ते त्या जिन्यापाशी कधीच आले नव्हते, समितीच्या दिवशीही नाही. आता ते सत्तरीच्या पुढे गेलेत. कारखान्याचं काम सुटलंय, पण बंदीत एकदा जाऊन साचे मोजून येतात. माझा हात धरून ते एकेक पायरी चढले. खळीची वाटी माझ्या दुसऱ्या हातात.

सातव्या फ्रेमच्या काचेवर बोट फिरवलं आणि मी थांबले. माझी चिठ्ठी तिथे होती. गेल्या वर्षीची, माझ्याच अक्षरातली. पण काचेवर नव्हती. काचेच्या आत होती, फोटोच्या खालच्या कडेला सरळ रेषेत बसवलेली. छापील पट्टी तिच्या मागे गेली होती.

टेबलाशी साळवीबाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. मी बघतेय हे त्यांना कळलं, पण त्यांनी मान वर केली नाही. “काचा पुसायला काढल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “परत लावताना काय आत गेलं काय बाहेर राहिलं, माझं काही लक्ष नव्हतं बाई.”

मी आभार मानले नाहीत. हक्काचे आभार मानायचे नसतात, असं आमच्या घरातल्या प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे असायचं. पण मी त्यांच्या टेबलावर खळीची वाटी ठेवली आणि त्यांनी पुस्तकं सरकवून तिला जागा केली.

चाचा फ्रेमला नाक लावून उभे होते. आता ओठ थरथरतील, आता काही बोलतील, म्हणून मी वाट पाहत होते. “काच नीट बसली नाय,” ते म्हणाले. “खालून वाफ धरेल. श्रावणात बुरशी येईल. चार बाजूंनी मेण लावायला सांग.”

“सांगते.”

“आणि बाकीचे?”

बाकीचे! दहा वर्षं मी एकाच फोटोखाली चिठ्ठी लावत आले होते, ज्यावर भांडण झालं त्याखाली. उरलेले दहा तसेच होते, डॉक्टरांच्या नावानं. मी पिशवीतून कागद काढला, जिन्याच्या पायरीवर बसले आणि त्याच्या दहा पट्ट्या फाडायला घेतल्या. नाव लिहायला सुरुवात करणार, तेवढ्यात थांबले.

“चाचा, हे सगळे तुमचेच ना?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू या प्रश्नाची ते बऱ्याच काळापासून वाट पाहत होते. मग भिंतीला हात टेकत, एकेका फ्रेमपुढे थांबत, पहिल्यापासून निघाले. जहाज. हा माझो. तंबू. माझो. बर्फातली भेग. माझो, हितं मी पोटावर झोपलो होतो. नवव्यापाशी ते थांबले आणि हसले. क्षितिज तिरकं होतं, पेंग्विनचं डोकं वर कापलं गेलं होतं.

“हा डॉक्टराचा,” ते म्हणाले. “एकदा म्हणाला, इस्माईल, मला पण काढू दे. दिला मी कॅमेरा. बघ कसा काढलान. पण काढलान त्यानंच.”

माझ्या पत्रकात अकरा होते.

दहा वर्षांपूर्वी, गावभर, मोठ्या अक्षरांत, अकराही. मी हातातल्या पट्ट्यांतली एक परत पिशवीत टाकली. नवव्या फ्रेममधली छापील पट्टी तेवढी या भिंतीवर खरी होती. तिच्यावरच्या काचेची धूळ मी पदरानं पुसली. आणि उरलेल्या नऊ चिठ्ठ्या लिहायला बसले. नाव पूर्ण, हुद्दा पूर्ण, एका ओळीत. साळवीबाई खळीत बोट बुडवून पहिली चिठ्ठी मागायला हात पुढे करून उभ्या होत्या.

“बाय,” चाचा वरच्या पायरीवरून म्हणाले, “एकेक लावशील तेव्हा आधी फोटो बघ. मग लाव.”